चिमे, रिपोर्टवर किटचं नाव वाच

चिमे, काल फोनवर तू एवढंच विचारलंस, "ताई, यातली कुठली करू?" आणि मागून जाऊबाईंचा आवाज आला तशी "मग बोलते" म्हणून घाईघाईनं फोन ठेवलास. रात्री तीन लॅबच्या दरपत्रकांचे फोटो आले. एकावर नुसतंच 'एचपीव्ही डीएनए'. दुसऱ्यावर 'एचपीव्ही हाय रिस्क, १६ आणि १८ वेगळे'. तिसऱ्यावर '२८ प्रकारांचं संपूर्ण पॅनेल', आणि ते सगळ्यांत महाग. खाली तुझा प्रश्न: "महाग म्हणजे चांगली ना?"

नाही गं. आणि ते 'नाही' एका ओळीत समजावण्यासारखं नाही, म्हणून हे सविस्तर लिहायला बसलेय. दुपारी सगळे पांगले की निवांत वाच.

तुला छत्तीस पूर्ण झाली. तिशीनंतर एकदा ही तपासणी व्हायला हवी होती, ती राहून गेली. पण त्यात तू एकटी नाहीस. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालीय का? 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत. आणि २०२२ सालचा अंदाज बघ: देशात एका वर्षात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कर्करोग झाला आणि जवळपास ८० हजार जणी गेल्या.

आपली आक्का त्यांच्यासारखीच गेली. तू तेव्हा शाळेत होतीस, तुला घरच्यांनी 'पोटाचा आजार' एवढंच सांगितलं होतं. पाळी जाऊन पाच वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. तिनं आठ महिने कुणाला सांगितलं नाही. न्हाणीघराच्या कोनाड्यात जुन्या लुगड्याच्या घड्या करून ठेवलेल्या असायच्या, त्या मी पाहिल्या होत्या आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा गाठ गर्भपिशवीच्या तोंडाबाहेर पसरली होती. पुढं मला लॅबमध्ये नोकरी लागली, वीस वर्षं याच तपासणीच्या नमुन्यांत काढली, आणि त्या घड्या काही डोळ्यांसमोरून गेल्या नाहीत. म्हणून तुझा प्रश्न आला तेव्हा खरं सांगू, मला बरं वाटलं. तू विचारलंस तरी.

आधी त्या विषाणूचं. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. बरेचसे हातापायांवर चामखीळ आणण्यापलीकडं काही करत नाहीत. गर्भाशयमुखाचा कर्करोग निश्चितपणे घडवणारे साधारण डझनभर, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोन नंबर सगळ्यांत वाईट. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग या दोघांमुळं होतात. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये हे दोन प्रकार कर्करोगाच्या गाठींतून शोधून काढले. त्याआधी कितीतरी जण दुसऱ्याच विषाणूवर संशय घेत होते. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

आता जे तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात आहे ते. हो, हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. पण तो इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, कळतही नाही. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपसूक निघून जातो. काही वेळा वर्षानुवर्षं गप्प बसतो आणि मग उमटतो. कुणाकडून आला, कधी आला, हे जगातली कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. एकदा एक बाई रिपोर्ट हातात घेऊन आमच्या काउंटरसमोर अर्धा तास उभी होती. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, घरी काय सांगू?" तिला आजाराची भीती नव्हतीच, नवऱ्याची होती. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगते, हा रिपोर्ट पिशवीच्या तोंडाविषयी आहे, बाईच्या वागणुकीविषयी नाही. उद्या तुझा पॉझिटिव्ह आला तर सुधीररावांकडे संशयानं बघू नकोस, आणि त्यांनी तुझ्याकडे तसं बघितलेलं चालवूनही घेऊ नकोस. हे पान त्यांना वाचायला दे.

विषाणू येतो, बहुतेकींच्या शरीरातून जातो. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो त्यांच्यात पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एवढा वेळ देणारा कर्करोग दुसरा क्वचितच असेल. तो वेळ आपण वाया घालवतो, हेच मला सहन होत नाही.

बिघाड ओळखायच्या तीन वाटा आहेत. पॅप स्मिअर तू ऐकलंयस: पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञानं बघायच्या. दुसरी, सरकारी शिबिरात करतात ती व्हीआयए: पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे आपला व्हिनेगरच, लावायचं आणि मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का बघायचं. तिसरी, थेट विषाणूच शोधायचा. पहिल्या दोन्हींत बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सगळं अवलंबून. तिसरीत यंत्र.

यातली कुठली खरोखर जीव वाचवते, हे कुठं सिद्ध झालं माहितीये? आपल्याच भागात. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्ही चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हीआयए, आणि काहींत फक्त आरोग्याची माहिती आणि नेहमीची सेवा. प्रत्येकीची तपासणी एकदाच. मग आठ वर्षं नोंद ठेवली.

२००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या ३४ हजार बायकांमध्ये या कर्करोगानं ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१ हजारांमध्ये ६४. पसरलेल्या अवस्थेतले कर्करोग ३९ विरुद्ध ८२. आयुष्यात एकदा झालेल्या एका चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंत म्हणावा असा फरक दिसला नाही. शिवाय, एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बायकांना पुढच्या आठ वर्षांत कर्करोग होण्याचं प्रमाण पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांपेक्षा कितीतरी कमी होतं. तो ६४ चा आकडा वाचताना मात्र माझा घास अडकतो. त्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर पुष्कळ वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यांच्यामुळं जगाला जे कळलं ते निदान त्यांच्या लेकीसुनांपर्यंत तरी पोचावं, असं मला मनापासून वाटतं. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आज धाराशिवच्या त्या गावांचा आधार आहे आणि आपल्याच पंचक्रोशीत कुणाला ते ठाऊक नाही.

(मुंबईच्या वस्त्यांमध्ये आरोग्यसेविकांनी नीट शिकून दर दोन वर्षांनी केलेल्या व्हीआयएनं मृत्यू ३१ टक्के घटले होते, तेही खरं. म्हणजे व्हीआयए टाकाऊ नाही. जिथं दुसरं काही नाही तिथं ती जरूर करावी. पण तुझ्यासमोर निवड आहे.)

आता तुझ्या दरपत्रकांकडं येते. 'एचपीव्ही चाचणी' ही एक गोष्ट नाही. 'भाकरी' म्हटलं की ज्वारीची, बाजरीची की तांदळाची असं आपण विचारतो, तसं इथंही विचारावं लागतं.

उस्मानाबादेत वापरली ती हायब्रिड कॅप्चर २. अजूनही तिच्याशीच बाकीच्यांची तुलना होते, म्हणून आधी तिचं. नमुन्यातला विषाणूचा डीएनए ती वाढवत नाही. त्याला जुळणारे आरएनएचे तुकडे चिकटवते, ती जोडी खास प्रतिपिंडांनी धरून ठेवते आणि मग त्यावर उजेड पाडणारं रसायन सोडते. म्हणजे सुपातले ज्वारीचे दाणे तेवढेच, पण प्रत्येक दाण्यावर दिवा लावायचा आणि एकूण किती उजेड पडला ते मोजायचं. १३ प्रकार एकत्र. उजेड ठरावीक रेषेच्या वर गेला तर पॉझिटिव्ह. पण नेमका कुठला प्रकार ते ती सांगत नाही. कधी कधी निरुपद्रवी भाऊबंदांनाही धरते. आणि मला सगळ्यांत खटकायची गोष्ट: नमुन्यात बाईच्या पेशी आल्यात की नाही हेच ती तपासत नाही. ब्रश नीट फिरला नाही, कुपीत नुसतंच पाणी आलं, तरी रिपोर्ट 'निगेटिव्ह'.

नंतर आल्या पीसीआरच्या चाचण्या. पातेलंभर दुधात चमचाभर विरजण घातलं की सकाळी सगळ्या पातेल्याचं दही होतं ना, तसं. विषाणूच्या डीएनएचा इवलासा तुकडा असला तरी त्याच्या लाखो नकला होतात आणि मग तो दिसतो. रोशची कोबास त्यातली सगळ्यांत परिचित. ती १६ वेगळा दाखवते, १८ वेगळा दाखवते आणि बाकीचे १२ एकत्र. शिवाय प्रत्येक नमुन्यात बाईचं स्वतःचं एक जनुक, बीटा-ग्लोबिन, सापडतंय का बघते. नाही सापडलं तर 'इनव्हॅलिड', पुन्हा नमुना द्या. असा रिपोर्ट आला की बायका चिडतात, पण खोट्या निगेटिव्हपेक्षा तो फेरा शतपट बरा. अमेरिकेत २०१४ साली पॅपशिवाय एकटीनं प्राथमिक तपासणीला वापरायची परवानगी मिळालेली हीच पहिली.

सेफिडची एक्सपर्ट एचपीव्ही छोट्या डबीत होते, तासाभरात उत्तर. १६ वेगळा, १८ आणि ४५ एकत्र, उरलेले तीन गटांत. तिची गंमत अशी की क्षयरोगाच्या थुंकीच्या तपासणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जी सीबीनॅट यंत्रं बसवली आहेत, त्याच यंत्रावर ती चालते. आपल्या गोव्याच्या मोलबायोचं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. तेही मूळचं क्षयरोगाच्या कामातलं, आणि त्याची एचपीव्हीची चिप आठ प्रकार शोधते: १६, १८, ३१, ३३, ३५, ४५, ५२, ५८. आठच का? कारण ९० टक्क्यांहून जास्त कर्करोग याच आठांच्या माथी आहेत. चौदावरून आठवर येण्यात तोटा वाटतो, पण त्या चौदांमधला ६६ नंबर स्वतःहून क्वचितच कर्करोग घडवतो. त्यापायी कितीजणी उगाच पॉझिटिव्ह ठरून धास्तावतात. मला विचारशील तर गावागावांत नेण्याजोगं काही असेल तर ही छोटी यंत्रं. तालुक्याच्या गावी बाई सकाळी आली, नमुना दिला, दुपारी उत्तर आणि गरज पडली तर त्याच दिवशी उपचार, एवढं झालं तर बायका परत बोलावूनही न येण्याचा प्रश्न सुटेल. एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी, या दोन गोष्टी चाचणीच्या कुठल्याच आकड्यात मोजल्या जात नाहीत.

आणि एक वेगळ्या जातीची: होलॉजिकची अ‍ॅप्टिमा. बाकीच्या डीएनए शोधतात, ही विषाणूच्या ई६ आणि ई७ या जनुकांचा एमआरएनए शोधते. फरक असा समज. डीएनए म्हणजे घरात पाककृतीची वही आहे. एमआरएनए म्हणजे फोडणीचा वास येतोय, चूल पेटली आहे. पेशींना बिघडवणारी प्रथिनं ई६ आणि ई७ चीच, त्यामुळं नुसता येऊन बसलेला विषाणू आणि उद्योगाला लागलेला विषाणू यांत ही चाचणी थोडा भेद करते. पेशी बिघडलेली असताना ती पकडण्यात ती डीएनए चाचण्यांच्या बरोबरीची आहे, आणि विनाकारण पॉझिटिव्ह थोड्या कमी देते. पण तिला दोन अटी आहेत. डीएनए निगेटिव्ह आल्यावर जागतिक आरोग्य संघटना पाच ते दहा वर्षांनी पुन्हा करा म्हणते, एमआरएनएला पाचच वर्षं. आणि नमुना डॉक्टर किंवा नर्सनंच घेतलेला हवा.

इथं थांबून मूळ मुद्दा सांगते, कारण सगळी गफलत इथं होते. तुला वाटतं, जितकी बारीक चाळणी तितकं चांगलं. स्वयंपाकघरात ते खरं असेल. इथं नाही. आपल्याला विषाणू शोधायचा नाहीच मुळी, आपल्याला बिघडू लागलेल्या पेशी असलेली बाई शोधायची आहे. पीसीआर हवी तेवढी संवेदनशील करता येते. चार कण असले तरी पकडेल. पण चार कण म्हणजे पुढच्या महिन्यात आपोआप जाणारा पाहुणा. अशा शंभर बायकांना 'पॉझिटिव्ह' म्हणून घाबरवायचं, कॉल्पोस्कोपीला, म्हणजे भिंगातून बघायच्या तपासणीला पाठवायचं, आणि निघणार काहीच नाही. म्हणून चांगल्या चाचणीची रेषा मुद्दाम अशा उंचीवर आखलेली असते की खरा बिघाड सुटू नये आणि येणाजाणाऱ्याला धरू नये.

ही रेषा नीट आखलीय की नाही, हे ठरवायचे नियम २००९ साली अ‍ॅमस्टरडॅमचे ख्रिस मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिले. नवी चाचणी हायब्रिड कॅप्चर २ सारख्या सिद्ध झालेल्या चाचणीशेजारी ठेवायची. बिघाड असलेल्या बायका पकडण्यात ती जुनीच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे, निरोगी बायकांना निरोगी म्हणण्यात किमान ९८ टक्के. आणि तेच नमुने पुन्हा, दुसऱ्या लॅबमध्ये केले तरी उत्तर जुळलं पाहिजे. २०२० साली स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी जगाच्या बाजारातल्या एचपीव्ही चाचण्या मोजल्या, त्या २५४ भरल्या. त्यातल्या बहुसंख्य चाचण्यांचं एकही प्रसिद्ध झालेलं मूल्यमापन नव्हतं. चिमे, हे वाचून मी सुन्न झाले होते. आपण कुकर घेताना आयएसआयचा शिक्का बघतो.

म्हणून तुझं ते २८ प्रकारांचं पॅनेल बाजूला ठेव. त्यात चामखिळीचे, निरुपद्रवी असेही प्रकार असतात. ते सापडले तर करायचं काहीच नसतं, फक्त झोप जाते. संशोधनाला ते ठीक, तपासणीला नाही. पहिल्या लॅबकडं जायचंच असेल तर आधी फोन करून किटचं नाव विचार. सांगता येत नसेल तर तिथं जाऊ नकोस. सांगितलं तर विचार, १६ आणि १८ वेगळे कळतात का, आणि नमुना पुरेसा आहे हे त्यात तपासलं जातं का. संकोच करू नकोस, आम्हाला असे प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की आवडतं. दुसऱ्या लॅबची मी चौकशी केली, त्यांचं किट वर सांगितलेल्या कसोट्यांना उतरलेलं आहे. तुझ्यासाठी तीच. रिपोर्ट आला की त्यावर किटचं नाव छापलंय ना बघून घे आणि तो कागद जपून ठेव. पाच वर्षांनी तुलना करायला लागेल.

१६ आणि १८ वेगळे कळायला हवेत, याचं कारण पुढच्या वाटेत आहे. १६ किंवा १८ पॉझिटिव्ह आला तर थेट कॉल्पोस्कोपी. भिंगातून पिशवीचं तोंड बघतात, गरज वाटली तर कणभर तुकडा घेतात. बाकीच्या बारांपैकी काही आला तर आधी पॅप किंवा व्हीआयए करून बघतात, त्यात काही नसेल तर वर्षभरानं पुन्हा चाचणी. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नाही. पॉझिटिव्ह म्हणजे आता तुझ्याकडं जरा जवळून बघायचं. बिघाड निघालाच तर तेवढाच भाग थर्मल अ‍ॅब्लेशननं जाळतात, मिनिटभराचं काम, किंवा तारेच्या कड्यानं काढतात. भरती होण्याचीही बहुधा गरज नसते.

आणि हे मी तुला शपथ घालून सांगतेय: नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर कुणी 'पिशवी काढून टाका, कटकट नको' म्हणालं तर उठून बाहेर ये. बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, ८२ हजारांहून जास्त जणींची. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीच्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून, पोटात दुखतं म्हणून, 'कॅन्सर होईल' अशी भीती घालून. ज्या बायकांना साधी तपासणी मिळत नाही त्यांना थेट ऑपरेशन मिळतं. याचा मला इतका राग आहे की त्यावर वेगळं लिहीन.

नमुना द्यायला कसं जायचं ते सांगते. पाळीत जाऊ नकोस, पाळी संपून आठवडाभरानं जा. आधीचे दोन दिवस आतून कुठली गोळी, मलम, धुणं काही नको, आणि संबंधही नको. नमुना घेताना दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. पाय सैल सोड आणि लांब श्वास घे. पुरुष डॉक्टर नको असेल तर आधीच सांग.

आणि तेही नकोच वाटलं तर दुसरा मार्ग आहे: नमुना स्वतःच घ्यायचा. बंद खोलीत, कापसाच्या काडीसारखा स्वॅब आत सरकवून काही वेळा फिरवायचा आणि नळीत घालायचा. पिशवीचं तोंड दिसायची गरज नाही, विषाणू योनिमार्गातल्या स्रावातही मिळतो. पीसीआरच्या चाचणीत असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच उपयोगी ठरतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. ऑस्ट्रेलियानं २०२२ पासून सगळ्या बायकांना ही मुभा दिलीय. हायब्रिड कॅप्चरसारख्या, नकला न करणाऱ्या चाचणीत मात्र स्वतः घेतलेला नमुना कमी पडतो. बघ, किटचं नाव इथंही आडवं आलं. वहिनीला टेबलावर झोपायची लाज वाटते म्हणून ती टाळतेय, तिला हे नक्की सांग.

आईचं काय, असं तू विचारशीलच. तिची आजवर एकदाही झाली नाही, तेव्हा एकदा एचपीव्ही करून घेऊ. तिच्यासाठी व्हीआयए नको. पाळी गेल्यावर जिथं बिघाड होतो तो भाग आत सरकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. विषाणूला मात्र वयानं फरक पडत नाही. आणि तुझ्या पिंकीला या विषाणूविरुद्धची लस दे, नऊ ते चौदा वयात ती सगळ्यांत चांगली लागू पडते. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक मुलांच्या डॉक्टरांकडं मिळते. लस घेतली तरी मोठी झाल्यावर तिलाही तपासणी लागेलच, कारण लशीत सगळे प्रकार नसतात.

निगेटिव्ह आली तर दर वर्षी करत बसू नकोस. पाच वर्षं विसरून जा. एचआयव्ही असलेल्या बायकांना मात्र पंचविशीपासून आणि दर तीन ते पाच वर्षांनी करावी लागते, कारण त्यांच्या शरीरात हा बिघाड भराभर वाढतो. आणि एक अपवाद तुझ्यासाठीही आहे. रिपोर्ट काहीही असो, पाळी नसताना रक्त गेलं, संबंधानंतर गेलं, घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर पाच वर्षं मोजायची नाहीत, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जायचं. चाचणी असते ती काहीच त्रास नसलेल्या बाईसाठी. त्रास असलेल्या बाईला तपासणारा डॉक्टर हवा.

तुझी पाळी या आठवड्यात संपेल ना? मग पुढच्या शुक्रवारी जा. आणि काल जिच्यामुळं तू फोन ठेवलास त्या जाऊबाईंना बरोबर घेऊन जा. त्या त्रेचाळीसच्या आहेत, त्यांचीही कधी झालेली नाही.